सल्ला: वॉर्थॉग राहू द्या, आधी मान वळवायची सोय करा

पत्र: ताई नमस्कार. वय ३६, नाशिकला सातपूर एमआयडीसीत नोकरी. लहानपण ओझरला गेलं, वडील एचएएलमध्ये होते, त्यामुळे डोक्यावरून मिग जाताना बघतच मोठा झालो. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ रिटायर झालं तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आता आपण सिम्युलेटरवर तरी उडवायचंच. यूट्यूबवर डीसीएसचे, म्हणजे त्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचे, व्हिडिओ बघतोय आणि लोकांचे सेटअप बघून घाम फुटतोय. माझ्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. बजेट सगळं धरून ४० हजार. ऑफिसमधला एकजण म्हणतो सेकंडहँड वॉर्थॉग, म्हणजे भारीतला स्टिक-थ्रॉटलचा सेट (विमान वळवायचा दांडा आणि इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा), २८ हजाराला मिळतंय ते उचल, नाहीतर दोनदा खर्च होतो. दुसरा म्हणतो व्हीआरशिवाय, डोळ्यांवर लावायच्या हेडसेटशिवाय, मजाच नाही. बायको म्हणते गेमपॅड पडलाय तो वापर, महिनाभर टिकलास तर बघू. कोणाचं ऐकू? आणि पहिलं विमान मिग-२१ च घ्यायचंय, चालेल का?

उत्तर:

दादा, तिघांत सगळ्यात शहाणं बोलणं वहिनींचं आहे, फक्त गेमपॅडचा भाग सोडून. त्या इवल्याशा अंगठ्याच्या काडीवर मिग काय, कुठलंच विमान सरळ उडत नाही, महिनाभर वैतागाल आणि मग "बघ, म्हटलं होतं ना" ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच. पण आधी टिकतंय का बघू, मग पैसे घालू, हे बोलणं शंभर टक्के बरोबर आहे, कारण या नादात लोकांच्या कपाटात जेवढी स्टिक-थ्रॉटल धूळ खात पडलीत तेवढी दुसऱ्या कुठल्या छंदाची असतील असं वाटत नाही. ते २८ हजाराचं वॉर्थॉग कुठून आलं असेल असं वाटतं तुम्हाला?

तर मुद्द्याचं बोलू. कॉम्बॅट सिममध्ये नवीन माणूस कशामुळे अडतो? स्टिक भारी नाही म्हणून नाही अडत. तो अडतो कारण त्याला दिसत नाही. हे वाचून पटणार नाही म्हणून जरा डोळ्यासमोर आणा. तुम्ही आणि समोरचा, दोघं एकमेकांच्या नाकावर येताय, स्पीड सात-आठशे, आणि तो तुमच्या डाव्या पंखाशेजारून सुर्रकन मागे जातो. आता पुढच्या दहा सेकंदांत ठरणार कोण कोणाच्या शेपटीला लागणार ते. तो वर चढला का खाली गेला, तुमच्याकडे वळला का पळतोय, हे बघायला मान डाव्या खांद्यावरून पार मागे न्यायची, त्याच वेळी स्टिक पोटाकडे ओढून धरायची, आणि मधूनच समोर येऊन स्पीड किती उरलाय ते चोरून बघून परत मागे जायचं. आता हेच तुम्ही स्टिकवरच्या हॅट स्विचने, म्हणजे अंगठ्याने चारी बाजूंना ढकलायच्या छोट्या बटणाने, करताय असं समजा. अंगठा डावीकडे दाबला, कॅमेरा सरकत सरकत निघाला, जास्तच मागे गेला, परत आणला, तोवर तो ठिपका गेला कुठे ते कळत नाही, म्हणून सरळ बघायचं बटण दाबलं तर समोर नुसती जमीन, अंगावर येणारी. मेलात. आणि मेल्यावर माणसाला वाटतं आपली स्टिक बरोबर नाही, म्हणून तो महागडी स्टिक घेतो आणि परत तसाच मरतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला पैसा हेडट्रॅकिंगवर. तुम्ही मान थोडीशी वळवली की कॉकपिटमधली मान जास्त वळते, म्हणजे तुमचं डोकं वीस-पंचवीस अंश फिरतं आणि स्क्रीनवर तुम्ही खांद्यावरून मागे बघताय, डोळे मात्र स्क्रीनवरच. ऐकायला विचित्र वाटतं आणि पहिले दोन-तीन दिवस गरगरतंही, नंतर एवढं अंगात भिनतं की त्याशिवाय बसवत नाही. शिवाय एक फायदा कोणी सांगत नाही: मान मोकळी झाली की हॅट स्विच मोकळा होतो, तो ट्रिमला, म्हणजे हात सोडला तरी विमान सरळ राहावं म्हणून करायच्या जुळणीला, लावता येतो, आणि मग कमी बटणांची साधी स्टिकही पुरते.

आणि याची गंमत म्हणजे सुरुवात फुकटात होते. ओपनट्रॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट, त्यात न्यूरलनेट ट्रॅकर म्हणून पर्याय आहे तो साध्या वेबकॅमवर चालतो, तुमचा चेहरा ओळखून मान किती वळली ते काढतो. लॅपटॉपचाच कॅमेरा घ्या आज रात्री. एकच करा, उजेड चेहऱ्यावर पडेल असा ठेवा. पाठीमागे ट्यूबलाइट आणि चेहरा काळोखात असं असेल तर व्ह्यू थरथरत राहतो आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. मध्यभागी थोडा डेडझोन, म्हणजे मान जराशी हलली तरी व्ह्यू हलणार नाही असा पट्टा, ठेवा, म्हणजे सरळ बघताना गनसाइट डुगडुगणार नाही, आणि कर्व्ह असा ठेवा की सुरुवातीला हळू आणि कडेला गेल्यावर पटकन फिरेल. व्ह्यू सेंटर करायचं बटण स्टिकवर हाताशी पाहिजेच, कारण तुम्ही खुर्चीत सरकणार आणि सेंटर हलणार, हे रोजचं आहे.

वेबकॅमवर मजा आली, पण अडखळतंय असं वाटलं, तर पुढची पायरी आयआर क्लिप. टोपीला किंवा हेडफोनला तीन इन्फ्रारेड एलईडी लावायचे आणि कॅमेऱ्याला फक्त तेच तीन ठिपके दिसतील असं करायचं. तुम्ही एमआयडीसीतले आहात, तुम्हाला सोल्डरिंग गन कोणी शिकवायला नको: तीन एलईडी, एक रेझिस्टर, एक जुनी यूएसबी वायर. कॅमेरा म्हणून लोक वर्षानुवर्षं जुना पीएस३ आय (प्लेस्टेशन ३ चा कॅमेरा) वापरतात, आतला आयआर फिल्टर काढून, आणि पुढे जुन्या फ्लॉपीच्या चकतीचा तुकडा लावतात म्हणजे साधा उजेड अडतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर मात्र पडदा ओढा, उन्हात आयआर भरपूर असतो. हे सगळं नको असेल तर ट्रॅकआयआर ५ तयार मिळतं, चांगलंच आहे, पण एका कॅमेऱ्याला आणि क्लिपला एवढे पैसे का असा प्रश्न मला दर वेळी पडतो. तुमच्या बजेटमध्ये मी तरी घरीच बनवलं असतं.

आता स्टिक. दोन प्रकार समजून घ्या म्हणजे दुकानदार काहीही सांगो, फसणार नाही. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच, आणि तो जसा काही वर्षांनी खरखर करायचा तसाच स्टिकमधलाही झिजतो, धूळ बसते, आणि मग तुम्ही हात लावला नाही तरी विमान आपलं आपण गचके देतं. दुसरा प्रकार हॉल सेन्सर, चुंबकावर चालतो, एकमेकांना घासत काही नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न जवळजवळ नाही.

सुरुवातीला लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो चालेल, पोटवाली आहे, पण बारा बटणं, ट्विस्ट (रडरसाठी, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवायला, दांडा पिळता येतो), छोटा थ्रॉटल स्लायडर, हॅट, सगळं एकात, आणि सगळीकडे मिळते. त्याच्या वर थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम, तिच्या मुख्य दोन अॅक्सिसना (पुढे-मागे आणि डावी-उजवी हालचाल) हॉल सेन्सर आहेत, आणि ही जास्त काळ सोबत करेल. डावखुरे असाल तर हीच, कारण दोन्ही हातांना बसवता येते. तिच्यासोबत टीडब्ल्यूसीएस थ्रॉटलचा सेट मिळतो, चांगल्या भावात सापडला तर घ्या, नाही सापडला तर अडून बसू नका, पहिले काही महिने स्लायडरवर काम भागतं. आणि व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हो, माझ्या मते या भावातली सगळ्यात सुंदर स्टिक, स्प्रिंग बदलता येतात, ट्विस्ट लॉक करता येतो, बटणं हवी तेवढी. पण भारतात मागवताना कस्टम ड्युटी आणि कुरियरवाल्याचे चार्जेस धरून हिशोब करा, साइटवरचा डॉलरचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. ही तुमची दुसरी स्टिक. पहिली नाही.

वॉर्थॉगबद्दल. वस्तू झकास आहे यात वाद नाही, २०१० मध्ये आलं, ए-१० या अमेरिकन लढाऊ विमानाच्या खऱ्या स्टिक-थ्रॉटलची नक्कल, धातूचं, जड, हातात घेतलं की माणूस भुलतो. पण त्याची स्टिक ट्विस्ट होत नाही! म्हणजे रडरसाठी पेडल वेगळे घ्यावे लागणार. पेडल आले की ते आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर पुढे सरकणार आणि तुमची चाकाची खुर्ची मागे जाणार, मग खाली रबर मॅट, भिंतीला टेकवायला फळी, चाकांना कुलूप... तुमचे २८ हजार चाळीसला कधी पोचले कळणारच नाही आणि हेडट्रॅकिंग राहिलं ते राहिलंच. शिवाय जड स्टिक टेबलावर ठेवली की कोपर खांद्याला येतं, तासाभरात खांदा भरून येतो, म्हणून लोक टेबलाच्या कडेला खाली क्लॅम्प लावून बसवतात, तो खर्च वेगळा. "दोनदा खर्च होतो" हे तुमच्या मित्राचं म्हणणं खरंय, पण पहिला खर्च छोटा असेल तर दोनदा झाला तरी बिघडत नाही.

तरीही सेकंडहँड काही घ्यायचंच झालं, वॉर्थॉग म्हणा की दुसरं काही, तर लॅपटॉप सोबत घेऊन जा. विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप करा, स्टिकच्या प्रॉपर्टीज उघडा, तिथे एक चौकोन आणि त्यात अधिकचं चिन्ह दिसेल. हात न लावता आधी नुसतं बघत बसा. चिन्ह जागच्या जागी थरथरतंय का? मग स्टिक हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेला न्या, चिन्ह मध्येच उडी मारतंय का, कोपऱ्यात पोचायच्या आधीच थांबतंय का? सोडल्यावर बरोबर मध्यावर येतंय का? प्रत्येक बटण दाबा, एकूण एक. विकणारा "घाई आहे हो, घरी जाऊन बघा" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

व्हीआरचं उत्तर एका ओळीत: त्या लॅपटॉपवर नको. खरंच कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं हे मान्य, पण ३०६० च्या सहा जीबी मेमरीवर डीसीएस व्हीआरमध्ये चालवायचं म्हणजे सगळं धूसर करून चालवायचं, आणि अडखळणाऱ्या फ्रेमने पोटात ढवळतं. आणि कोणी स्वस्तात विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवाला जुना हेडसेट गळ्यात मारत असेल तर सावध, विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने तो सपोर्टच काढून टाकलाय. ओएलएक्सवर अचानक एवढे हेडसेट का दिसायला लागले, तर त्यामुळे.

व्हीआरचे वाचलेले पैसे लॅपटॉपमध्ये घाला. डीसीएस १६ जीबी रॅमवर चालतं, पण मोठं मिशन लावलं की गुदमरतं, ३२ केलीत तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल. रॅमचे भाव सारखे खालीवर होत असतात तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि लॅपटॉपला दुसरा स्लॉट आहे का ते आधी उघडून बघा. ५१२ ची एसएसडी लगेच भरेल, कारण दोन-तीन मॅप आणि चार विमानं टाकली की हे प्रकरण शे-दोनशे जीबीच्या पुढे जातं, म्हणून दुसरी एसएसडी. साध्या हार्डडिस्कवर अजिबात टाकू नका, मिशन लोड होईपर्यंत चहा होऊन पिऊन होईल. ग्राफिक्समध्ये टेक्स्चर मध्यम, सावल्या कमी, डीएलएसएस (कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) चालू करून बघा, फक्त त्यात लांबचं विमान कधीकधी पुसट होतं किंवा मागे शेपूट सोडल्यासारखं दिसतं, ते खपत नसेल तर बंद करा.

आता सिम. डीसीएसच घ्या, आणि स्टीमवरून न घेता इगल डायनॅमिक्सच्या साइटवरून थेट उतरवा. कारण सांगते. साइटवरच्या आवृत्तीत बहुतेक विमानं १४ दिवस फुकट वापरून बघता येतात, स्टीमवर ती सोय नाही. आणि स्टीमवर घेतलेलं इकडे आणता येतं, इकडचं तिकडे नेता येत नाही. मूळ गेम फुकट आहे, त्यात सुखोई-२५टी आणि शस्त्रं नसलेलं टीएफ-५१ मस्टँग मिळतं, कॉकेशस आणि मारियानाजचे मॅपही फुकट. म्हणजे एक रुपया न देता तुम्ही पुढचे काही आठवडे घालवू शकता, आणि वहिनींची अटही पाळली जाते.

इन्स्टॉल झाल्या झाल्या एक गोष्ट करा नाहीतर पहिल्याच दिवशी डोकं धराल. डीसीएसला एकापेक्षा जास्त डिव्हाइस दिसली की ते उत्साहाच्या भरात प्रत्येकाला आपणहून पिच (नाक वर-खाली) आणि रोल (एका अंगावर कलणं) लावून टाकतं. म्हणजे तुम्ही थ्रॉटल पुढे ढकलता आणि विमान एका अंगावर पडतं, किंवा नाक आपोआप खाली जातं, आणि तुम्हाला वाटतं स्टिक डिफेक्टिव्ह आहे. कंट्रोल्समध्ये जा, अॅक्सिस कमांड्सचा रकाना उघडा, पिच-रोल-रडर-थ्रॉटल प्रत्येकापुढे फक्त एकाच डिव्हाइसचं नाव राहील असं बाकीचं सगळं खोडा. तो गेमपॅड जोडलेला असेल तर त्याचंही खोडा, नाहीतर काढूनच ठेवा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं, हो, प्रत्येक. मग अॅक्सिस ट्यूनमध्ये पिच आणि रोलला पंधरा-वीसचा कर्व्ह द्या, छोट्या स्टिकवर मधला भाग त्याने मऊ होतो. त्याहून फार वाढवू नका, मग कडेला गेल्यावर विमान एकदम उसळी मारतं.

आणि आता तुमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. मिग-२१ पहिलं विमान म्हणून चालेल का? सगळे नाही म्हणतील, एफ-१८ घे म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, कारण एफ-१८ हात सोडला तरी सरळ उडतं, उतरवायला सोपं आहे, आणि त्याच्यावर शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण एफ-१८ म्हणजे तीन स्क्रीन, प्रत्येकात पानांमागे पानं, आणि रोज रात्री जेवणानंतर तासभर मिळणाऱ्या माणसाला त्या पानांतच महिने जातात. मिग-२१ मध्ये ते काही नाही. घड्याळांसारखे डायल, खटके, एक छोटंसं रडार, दोन-चार प्रकारची शस्त्रं. इंजिन चालू करणं तुम्ही एका संध्याकाळीत शिकाल. डीसीएसमध्ये जे मिळतं ते मिग-२१ बिस आहे, म्हणजे तुमच्या वडिलांच्या ओझरच्या कारखान्यात जे बनायचं तेच घराणं, तुम्हाला त्याची ओढ वाटणारच, आणि ओढ असलेलं विमान माणूस सोडत नाही, हा माझ्या दृष्टीने एफ-१८ च्या सगळ्या फायद्यांवर मात करणारा फायदा आहे.

फक्त उतरवताना ते तुमची परीक्षा बघणार. पंख छोटे, त्रिकोणी, त्यामुळे हळू उडायला तयारच नाही, फायनलला, म्हणजे रनवेसमोर सरळ येताना, तुम्ही ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास स्पीडने येताय आणि नाक वर असल्यामुळे समोरचा रनवे अर्धाच दिसतोय. त्यात या बिसला एसपीएस म्हणून प्रकार आहे: लँडिंगचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली केले की इंजिनातली हवा त्या फ्लॅपवर फुंकली जाते, त्याने पंखांना जास्त लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी ताकद, मिळते, म्हणून विमान तेवढ्या स्पीडला तरी तरंगतं. आता नवीन माणूस काय करतो, रनवे जवळ आला की घाबरून थ्रॉटल खटकन मागे ओढतो. इंजिन मंदावलं, फुंकणं बंद, लिफ्ट गायब, आणि विमान रनवेच्या अलीकडेच धप्पकन खाली. म्हणून चाकं टेकेपर्यंत थ्रॉटलवर थोडा जोर ठेवायचा, टेकल्यावर मग मागे घ्यायचा आणि मागचं पॅराशूट सोडायचं. जमिनीवरही मजा आहेच, पुढचं चाक पेडलने वळत नाही, ब्रेकचा दांडा स्टिकवर आणि रडर ज्या बाजूला त्या बाजूचं चाक जास्त धरणार, म्हणजे ट्विस्ट असलेली स्टिक इथे लागतेच. आणि आफ्टरबर्नरचा, म्हणजे जादा इंधन जाळून मिळणाऱ्या जोराचा, मोह आवरा, इंधन बघता बघता संपतं.

तेव्हा असं करा. आधी फुकटच्या सुखोई-२५टी वर उडणं, ट्रिम करणं, रनवेला चक्कर मारून उतरणं हे हाताला लागू द्या, तोवर मिसाइलला हात लावायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. मस्टँग फुकट आहे म्हणून त्याने सुरुवात करू नका, प्रोपेलरच्या ओढीमुळे ते टेकऑफलाच रनवेबाहेर पळतं. उतरणं जमायला लागलं की मिग-२१ ची १४ दिवसांची ट्रायल सुरू करा, पण सुट्ट्या बघून करा, नाहीतर मार्च एंडिंगच्या गडबडीत चौदा दिवस वाया जातील. आवडलं तरी लगेच घेऊ नका, इगल डायनॅमिक्सचे वर्षभरात बरेच सेल लागतात, जुन्या विमानांवर निम्मा भाव होतो, वाट बघा.

मिग-२१ ट्रायलमध्ये झेपलंच नाही तर फ्लेमिंग क्लिफ्स बघा, त्यात सुखोई-२७, एफ-१५, मिग-२९ अशी बरीच विमानं एकाच पॅकमध्ये आहेत, खटके दाबायचे नसतात, सगळं सोप्या बटणांवर. सुखोई-३० एमकेआयचं अधिकृत मॉड्यूल (विकत घ्यायचं विमान) डीसीएसमध्ये नाही, त्यामुळे ओझरच्या सुखोईची हौस सुखोई-२७ वर भागवावी लागेल. मिग-२९ चं आता पूर्ण तपशिलाचं वेगळं मॉड्यूलही आलंय २०२५ मध्ये, अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे अजून काम चालू आहे. भारतात मिग-२९ आलं ते पहिल्यांदा आपल्या पुण्याला, लोहगावला, त्यामुळे पुण्याच्या मंडळींचा जीव त्यात अडकलेला असतो. अर्ली अॅक्सेस घेताना मात्र आज जे चालतंय तेवढ्याचेच पैसे देतोय असं धरून चाला. मिराज २००० च्या मोहात असाल तर ते बनवणारी रॅझबॅम आणि इगल डायनॅमिक्स यांचा पैशांवरून २०२४ पासून जाहीर वाद आहे, आधी त्याची सद्यस्थिती वाचा.

बाकीच्या सिमबद्दल थोडक्यात. नुसती कुत्रेझुंज, म्हणजे समोरासमोरची हवाई मारामारी शिकायची असेल तर आयएल-२ ग्रेट बॅटल्स डीसीएसपेक्षा मला जास्त आवडतं, दुसऱ्या महायुद्धाची विमानं, बटणं कमी, अर्ध्या तासात एक मिशन होतं, आणि तिथे शिकलेलं मिगवर कामी येतं, कारण स्पीड आणि उंची जपून वापरायची अक्कल विमान बदललं तरी तीच. फाल्कन बीएमएस फुकट आहे, फक्त १९९८ चा मूळ फाल्कन ४.० विकत घेतलेला लागतो, आणि त्यातली चालतीबोलती युद्धमोहीम अजून कोणाला जमलेली नाही, पण ते एफ-१६ वाल्यांचं देऊळ आहे, तुम्ही दोन वर्षांनी जा. वॉर थंडर करमणूक म्हणून ठीक, पण तिथे माउसने उडवणाऱ्यांसमोर तुम्ही स्टिक घेऊन बसलात तर ते तुम्हाला भाजून काढतील, सिम्युलेटर बॅटलचा मोड सोडून.

ऑनलाइन सर्व्हरची घाई नको. भारतातून युरोपच्या सर्व्हरला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात राहतो, ते एकवेळ चालतं, पण तिथली माणसं वर्षानुवर्षं मुरलेली आहेत आणि तुम्हाला कुठून मिसाइल आलं हे कळायच्या आत तुम्ही पॅराशूटला लटकत असाल. आधी मिशन एडिटर उघडा, एक शत्रू टाका, त्याची लेव्हल रूकी ठेवा, तुम्ही त्याच्या मागे तीन किलोमीटरवर आणि फक्त तोफ. तो वळेल तसं त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, बस, एवढाच खेळ, मारायचं सुद्धा नाही. हेडट्रॅकिंगची खरी सवय इथे लागते. नजरेत राहायला लागला की त्याला मारा, मग त्याची लेव्हल वाढवा, मग समोरासमोरून सुरू करा.

आणि एक कामाचं राहिलंच. सगळी बटणं मनासारखी लागली की सेव्हड गेम्सच्या फोल्डरमध्ये डीसीएस, त्यात कॉन्फिग, त्यात इनपुट, या फोल्डरची कॉपी काढून पेनड्राइव्हवर टाका. बटणं लावण्यात जो वेळ जातो तो विमान शिकण्यात जात नाही, आणि लॅपटॉपला दुसरी एसएसडी बसवताना विंडोज नव्याने टाकावं लागलं तर ते सगळं परत करायचा वैताग वाचेल.